आरएसव्हीवर थिसिस करताय? आधी खाटेशेजारी उभे राहा

बालरोगात एमडी करताना मी थिसिसला आरएसव्ही, म्हणजे तान्ह्यांच्या श्वसनमार्गाला ग्रासणारा विषाणू, घेतला. दाखल झालेल्या दोन वर्षांखालच्या मुलांना त्याचा 'ए' उपप्रकार जास्त छळतो की 'बी', हे शोधायचं होतं. यंदा कुणी असाच विषय घेत असेल, तर त्यांच्यासाठी हे लिहितेय.

वाचताना माझं सगळं लक्ष विषाणूकडेच. 1999 मध्ये ब्यूनोस आयर्सला सापडलेल्या 'बी'च्या 'जी' नावाच्या जनुकात 60 न्यूक्लिओटाइडचा (जनुकाच्या साखळीतल्या कड्यांचा) तुकडा दुबार आलेला, 2010 मध्ये ओंटारिओत सापडलेल्या 'ए'मध्ये 72 चा. दोन्ही पुढे जगभर पसरले. उत्तर इथेच दडलंय असं वाटायचं. पण उपप्रकार पीसीआर चाचणी सांगते. बाळ किती आजारी होतं हे आपणच लिहायचं असतं. नेमकं तिथे माझं चुकलं.

पहिल्या वीसेक फॉर्मवर मी रक्तातला ऑक्सिजन 95, 96 टक्के असं लिहिलं. साध्या हवेवर की नाकात नळी असताना, ही नोंदच नाही. त्यामुळे नळीवर 96 असलेलं, छाती आत ओढणारं बाळ कागदावर ठणठणीत दिसत होतं. ते फॉर्म तीव्रतेच्या हिशेबातून वगळावे लागले. आजही ते लागून राहतं, कारण त्यातल्या प्रत्येक स्वॅबसाठी कुणा आईने रडतं बाळ मांडीवर घट्ट धरलं होतं.

श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, बाळ शांत असताना. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. तान्ह्यांचा श्वास एका लयीत नसतो. दोन महिन्यांखाली 60, वर्षाच्या आत 50, पुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा त्याहून जास्त म्हणजे श्वास जलद. "सर्दी कधीपासून?" याला आया अंदाजाने उत्तर देतात. "अंगावर पिणं कधी कमी झालं?" विचारलं की वेळसुद्धा सांगतात.

वय आणि अपुऱ्या दिवसांचा जन्म या नोंदी कधीच चुकवू नका. एका उपप्रकाराच्या गटात दीड-दोन महिन्यांची बाळं जास्त आली, तर त्यांच्या कोवळ्या वयाचा दोष फुकट त्या उपप्रकाराच्या माथी जातो. 'ए' जास्त छळतो की 'बी' या प्रश्नावर जगभरचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामागे हेही एक कारण आहे. म्हणून फॉर्म छापण्याआधीच संख्याशास्त्रज्ञांना दाखवा.

आणि शनिवारी रात्री घेतलेला स्वॅब सोमवारपर्यंत 2 ते 8 अंशांवर कुठे राहणार, त्या फ्रीजची किल्ली कुणाकडे असते, हे पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा.