दोन सरकारी ऑफिसांची सायबर रिस्क कशी ताडून बघायची

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी कुठंही बघा, उतारा, दस्त, घरपट्टी सगळं कॉम्प्युटरवर गेलंय, म्हणजे आपली जमीन आणि आधार नंबर त्यांच्या हातात, मग कुठलं ऑफिस जास्त धोक्यात आहे हे आपल्याला कळायलाच पाहिजे.

पहिली गोष्ट, कुणाकडं किती हल्ले झाले या आकड्यावर जाऊ नका. जे ऑफिस लक्ष ठेवतंय त्याचा आकडा मोठा दिसतो आणि जे बघतच नाही त्याचा शून्य. सर्ट-इन म्हणजे सायबर हल्ल्यांवर लक्ष ठेवणारी केंद्राची संस्था, तिचा एप्रिल २०२२ चा आदेश आहे, हल्ल्याची घटना कळल्यावर ६ तासांत तिला कळवायची आणि लॉग, म्हणजे कॉम्प्युटरवर कुणी कधी काय केलं याची आपोआप होणारी नोंद, १८० दिवस ठेवायचे. शून्य सांगितलं की विचारा, लॉग ठेवताय काय?

तुलना सारख्याला सारखी करा. नगरपालिकेसमोर नगरपालिका, दवाखान्यासमोर दवाखाना. आता दोन तालुक्यांची तहसील घ्या. उताऱ्याचं भूमी सॉफ्टवेअर दोन्हीकडं राज्याचं एकच, त्यामुळं सर्व्हरवरून फरक काढण्यात अर्थ नाही, फरक टेबलावर असतो. एकच पासवर्ड चारजण वापरतात काय, बदली झालेल्या माणसाचं लॉगिन त्याच दिवशी बंद होतं काय, बाहेरचा पेनड्राईव्ह चालतो काय, विंडोज १० अजून तसंच आहे काय, कारण त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. माझ्या मते खरी रिस्क इथंच उघडी पडते.

मग हल्ला होण्याच्या शक्यतेला १ ते ५ आणि झालाच तर होणाऱ्या नुकसानीला १ ते ५ मार्क द्या, जास्त मार्क म्हणजे जास्त रिस्क, पण नुसता गुणाकार लिहू नका, दोन्ही आकडे वेगळे दाखवा. ५ गुणिले १ आणि १ गुणिले ५ दोन्ही पाचच, पण एकात रोजची किरकोळ कटकट आणि दुसऱ्यात अख्खा दवाखाना ठप्प. दिल्लीच्या एम्सवर नोव्हेंबर २०२२ मध्ये रॅन्समवेअर, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, आलं तेव्हा कितीतरी दिवस काम हातानं कागदावर करावं लागलं. म्हणून बॅकअप आहे काय एवढंच विचारून थांबू नका, त्यातनं डेटा परत काढून शेवटचं कधी बघितलं ते विचारा, मार्क ठरवताना याला महत्त्व जास्त द्या.

माहिती आरटीआयनं मागा, फी १० रुपये, पण कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. शेवटच्या सिक्युरिटी ऑडिटची तारीख आणि त्यातल्या किती त्रुटी अजून बाकी आहेत एवढंच विचारा. आयपी अ‍ॅड्रेस, नेटवर्कचा नकाशा मागू नका, ते बाहेर येणंच चुकीचं, आणि स्वतः त्यांची वेबसाईट स्कॅन करून बघू नका, परवानगीशिवाय केलं तर आयटी कायद्यात अडकाल.

सगळ्या ऑफिसांना तोच प्रश्न त्याच आठवड्यात पाठवा. उत्तर कन्नडमध्ये आलं तर नीट वाचता येणाऱ्याकडनं वाचून घ्या, काम "झालंय" लिहिलंय की "करणार" लिहिलंय यावर मार्क बदलतात. ज्यांनी उत्तरच दिलं नाही त्यांच्या रकान्यात शून्य भरू नका, "उत्तर नाही" असंच लिहा.