इंग्लंडमधल्या पाथरवट पूर्वजांचा शोध घेताय? या चुका टाळा

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या कितीतरी मराठी घरांत आता इंग्रज सुना आणि जावई आहेत. मुलं मोठी झाली की दोन्ही घराण्यांची वंशावळ मांडायला घेतात. इंग्रज बाजूला चार-पाच पिढ्या मागे गेलं की 'स्टोनमेसन' म्हणजे पाथरवट असा व्यवसाय लिहिलेला एखादा पूर्वज भेटतो आणि शोध तिथेच अडतो. कारण आपण त्याला एका गावचा माणूस धरून चालतो. पाथरवट मात्र कामामागे जायचा. कुठे चर्च, कुठे कालवा, कुठे रेल्वेचा पूल. काम संपलं की बिऱ्हाड पुढच्या गावाला. खालच्या बहुतेक चुका हे लक्षात न घेतल्यामुळे होतात.

जनगणनेत दिसला नाही, म्हणजे वारला

सगळ्यात जास्त वंशावळी इथे बिघडतात. जनगणनेत त्या रात्री घरात झोपलेली माणसंच नोंदली जात. घरात बायको-मुलं आहेत आणि नवरा नाही, एवढ्यावरून तिला विधवा ठरवू नका. तिच्या नावापुढे 'स्टोनमेसनची बायको' असं लिहिलं असेल, तर तो बहुधा दूरच्या कामावर, कुणाच्या तरी घरी भाड्याने राहत होता. त्या वर्षी मोठी बांधकामं कुठे चालली होती ते आधी पाहा आणि तिथल्या भाडेकरूंमध्ये त्याला शोधा. १८४१ ची जनगणना ६ जूनला झाली. तेव्हा लंडनमध्ये संसदेच्या नव्या इमारतीवर शेकडो पाथरवट होते आणि बाथजवळच्या बॉक्स बोगद्याचं काम नुकतंच संपत आलं होतं. अशा ठिकाणी हरवलेली माणसं सापडतात.

१८४१ च्या पानांवर मात्र फार विसंबू नका. त्यात नाती लिहिलेली नाहीत. जन्मगावाऐवजी 'याच काउंटीत जन्म, हो की नाही' एवढंच आहे. पंधरा वर्षांवरच्यांची वयं साधारणपणे पाचाच्या पटीत खाली आणलेली असतात, त्यामुळे तिशीचा दिसणारा माणूस चौतीसचाही असू शकतो. १८५१ पासून नातं आणि जन्माची पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गाव-परिसर, दोन्ही मिळतात. इथे मुलांची जन्मगावं वयाच्या क्रमाने लिहून काढा. चार मुलं चार गावांत जन्मलेली असतील, तर बापाने कुठून कुठे कामं केली याचा मार्गच तुमच्या हातात येतो. पाथरवटाच्या शोधात याहून उपयोगी कागद मला तरी माहीत नाही.

नाव आणि धंदा जुळला, म्हणून तोच माणूस

दगडाच्या खाणींच्या भागात हा धोका फार मोठा आहे. डॉर्सेटमधलं पोर्टलंड किंवा पर्बेक घ्या. ठराविक आडनावं, पिढ्यानपिढ्या तोच धंदा, आणि आजोबा, काका, चुलतभाऊ सगळ्यांची नावंही तीच. पर्बेकच्या दगडकामगारांच्या जुन्या संघटनेत तर सभासदांच्या मुलांनाच उमेदवारी करून प्रवेश मिळे. तिची सभा आजही कॉर्फ कॅसल गावात श्रोव्ह ट्यूजडेला, म्हणजे ख्रिस्ती उपासकाळ सुरू होण्याच्या आदल्या मंगळवारी, भरते. अशा ठिकाणी 'जॉन, पाथरवट' हा पुरावा होऊच शकत नाही.

मग काय करायचं? इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली. विवाहाच्या दाखल्यावर दोन्ही बापांची नावं आणि व्यवसाय असतात. जनरल रजिस्टर ऑफिसच्या ऑनलाइन जन्मसूचीत आईचं माहेरचं आडनाव सुरुवातीपासून दिलेलं आहे, त्यावरून एकाच नावाच्या दोन कुटुंबांतली मुलं वेगळी काढता येतात. त्याआधीच्या काळात बाप्तिस्म्याच्या नोंदी पाहा. १८१३ पासून त्या छापील नमुन्यावर आहेत आणि त्यात बापाचा व्यवसाय येतो. त्याच्या मागे गेलात की तारखा जपून वाचा. १७५२ पूर्वी इंग्लंडचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. नोंदवहीतला १७२० चा फेब्रुवारी आपल्या हिशोबाने १७२१ चा असतो. हे विसरलं, तर लग्नाआधीच मूल झाल्यासारखं दिसतं.

गावच्या चर्चमध्ये नोंद नाही, तर शोध थांबवणं

कुटुंब बाहेरून आलेलं असेल, तर ते नेमकं कुठलं, हा प्रश्न त्या काळीही महत्त्वाचा होता. १६६२ च्या सेटलमेंट कायद्यानंतर गरिबाला पोसायची जबाबदारी त्याच्या हक्काच्या पॅरिशवर पडे. त्यामुळे फिरत्या कामगारांकडून दाखले मागितले जात, त्यांच्या जबान्या घेतल्या जात. कुठे जन्मलो, कुणाकडे उमेदवारी केली, कुठे किती दिवस राहिलो, हे सगळं त्या जबान्यांत येतं. असे कागद बहुधा काउंटी रेकॉर्ड ऑफिसात असतात.

उमेदवारीच्या करारांवर १७१० पासून कर होता. त्याच्या वह्या लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये 'आयआर १' या मालिकेत १८११ पर्यंत आहेत. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हा कर मुदत संपल्यावरही वर्षभर भरता येई, म्हणून कराराच्या सालापुढची सात-आठ वर्षंही चाळा. आणि मुलगा बापाच्याच हाताखाली शिकला असेल तर पैशांचा व्यवहार झालेला नसतो, त्यामुळे त्याचं नाव तिथे सापडणार नाही. पाथरवटांत हे फारच सर्रास होतं.

पाथरवट होता, म्हणजे फ्रीमेसन होता

नाही. फ्रीमेसन ही गुप्त विधी पाळणाऱ्यांची बंधुसंघटना. तिच्यात वकील, व्यापारी, जमीनदार होते. हाताने दगड घडवणारे थोडेच. जुन्या कागदांत हाच शब्द मऊ, घडाईच्या दगडावर काम करणाऱ्या कारागिरासाठीही येतो. कॅथीड्रलच्या दगडांवर कोरलेल्या खुणांवरून पूर्वज ओळखायचा मोहही आवरा. त्या साध्या रेघांच्या खुणा वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या ठिकाणी पुन्हा दिसतात आणि इंग्लंडमध्ये त्यांच्यासोबत नावं नोंदलेली क्वचितच असतात.

कामगार संघटनेचे कागद न पाहणं

हे कागद वगळले जातात याचं मला खरंच वाईट वाटतं. १८३० च्या दशकात उभ्या राहिलेल्या ऑपरेटिव्ह स्टोनमेसन्स संघटनेची दर पंधरवड्याची पत्रकं वॉरिक विद्यापीठाच्या मॉडर्न रेकॉर्ड्स सेंटरमध्ये आहेत. सभासद कार्ड घेऊन गावोगाव काम शोधत फिरे आणि शाखेत त्याला रात्रीचा निवारा आणि थोडे पैसे मिळत. सप्टेंबर १८४१ मध्ये संसदेच्या कामावरच्या पाथरवटांनी संप केला, त्या काळातली पत्रकं तर आवर्जून पाहावीत. मात्र खेड्यातला एकटा पाथरवट बहुधा सभासद नसायचा, तेव्हा नाव नसलं तरी हिरमुसू नका.

मृत्यूच्या दाखल्यावरचा 'क्षय' तसाच स्वीकारणं

चाळिशी-पन्नाशीत 'थायसिस'ने (क्षयाचं जुनं इंग्रजी नाव) गेलेला पाथरवट दिसला, तर तो कुठला दगड घडवत होता ते पाहा. यॉर्कशरच्या वालुकाश्मात सिलिका भरपूर असते. ती धूळ फुप्फुसात साचून सिलिकोसिस होई आणि डॉक्टर तो क्षय म्हणून लिहीत. बाथ किंवा पोर्टलंडच्या चुनखडीत सिलिका बरीच कमी असते. भाऊ, काका असे सगळे त्याच वयात गेले असतील, तर हा संशय बळावतो.

समुद्रापलीकडे न पाहणं

काहींच्या नोंदी इंग्लंडमध्ये एकदम थांबतात, कारण ते जहाजाने गेलेले असतात. २१ एप्रिल १८५६ ला मेलबर्नमध्ये आठ तासांच्या दिवसासाठी काम टाकून मोर्चा काढणारे पाथरवटच होते आणि त्यांच्यातले बरेच ब्रिटनहून आलेले होते. पूर्वज भारताकडे आला असेल, तर हे लक्षात ठेवा: मुंबई इलाख्यातले ख्रिस्ती बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या प्रती लंडनला जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या कागदांमध्ये 'एन/३' या मालिकेत आहेत. सूचीत नुसतं नाव आणि वर्ष मिळालं की तिथेच थांबू नका, मूळ पान उघडून व्यवसायाचा रकाना वाचा.