शाळेत मुलाला वंशावरून हिणवले गेले तर: न्यू जर्सीतील मराठी पालकांसाठी

अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी मुलाची वंशद्वेषाशी पहिली गाठ बहुधा शाळेच्या बसमध्ये किंवा जेवणाच्या सुट्टीत पडते. डब्यातल्या लसणाच्या चटणीचा वास आला म्हणून कोणी नाक दाबते, हातावरच्या मेंदीला कोणी त्वचारोग म्हणते, कोणी आजीच्या उच्चारांची नक्कल करते, तर कोणी सरळ 'तुमच्या देशात परत जा' असे सुनावते. हे ऐकणारे मूल पुष्कळदा न्यू जर्सीतल्या एडिसन किंवा प्लेन्सबरो इथेच जन्मलेले असते, त्यामुळे परत कुठे जायचे हेच त्याला कळत नाही. ते घरी येऊन गप्प बसते, दुसऱ्या दिवशी डबा न खाता परत आणते, आणि आईने कारण विचारले तर भूक नव्हती म्हणते.

आपल्या घरांमध्ये यावर ठरलेले उत्तर आहे: लक्ष देऊ नकोस, अभ्यास कर, मोठा होऊन दाखव. हा सल्ला मायेपोटी दिला जातो, पण तो चुकीचा आहे असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातून मुलाला एवढेच कळते की हा अपमान घरी सांगण्याजोगा नाही आणि तो मिटवण्याची जबाबदारीही त्याच्या एकट्याचीच आहे. पुढील मार्गदर्शन न्यू जर्सीपुरते आहे. येथे मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, आणि शाळेतील छळाविरुद्धचा या राज्याचा कायदा बराच कडक आहे. अन्य राज्यांत मुदती आणि पद्धती वेगळ्या असतात.

शाळा सुरू होण्याआधी

ज्ञानेश्वरी, हृषीकेश, मृण्मयी ही नावे अमेरिकन शिक्षकांना पहिल्या प्रयत्नात जमत नाहीत आणि त्यात त्यांचा दोष नाही. मात्र ऑक्टोबर उजाडला तरी शिक्षक नाव घेताना अडखळत असतील आणि वर्ग हसत असेल, तर ती हेळसांड आहे. ऑगस्टच्या अखेरीस वर्गशिक्षकांना एक छोटा ईमेल पाठवावा, नावाचे तुकडे पाडून उच्चार लिहावा, आणि शक्य असल्यास मुलाच्या स्वतःच्या आवाजातील ध्वनिमुद्रण जोडावे. नाव लहान करायचे असेल तर ते मुलाने ठरवावे, शिक्षकांनी सोयीसाठी ठरवू नये. त्याच सुमारास शाळा जिल्ह्याच्या संकेतस्थळावरून छळविरोधी धोरणाची प्रत उतरवून ठेवावी आणि आपल्या शाळेत 'अँटी-बुलिंग स्पेशालिस्ट' कोण आहे ते पाहून ठेवावे. प्रत्येक सार्वजनिक शाळेत या कामासाठी एक व्यक्ती नेमलेली असणे कायद्याने बंधनकारक आहे.

मूल दहा-बारा वर्षांचे झाले की त्याला येथील भारतीयांचा इतिहास सांगावा. १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांना, ते 'गोरे' ठरत नाहीत या कारणावरून, नागरिकत्व नाकारले आणि त्या निकालाच्या आधारे आधी नागरिक झालेल्या इतर भारतीयांचेही नागरिकत्व काढून घेण्यात आले. भारतीयांना नागरिक होण्याचा मार्ग १९४६ च्या कायद्याने खुला झाला. १९८७ साली जर्सी सिटीत कपाळावरच्या टिकलीवरून स्वतःला 'डॉटबस्टर्स' म्हणवणाऱ्यांनी भारतीयांना शहरातून हुसकावून लावण्याची धमकी वृत्तपत्राला पत्र पाठवून दिली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात शेजारच्या हॉबोकेनमध्ये नवरोज मोदी या तरुणाला एवढी मारहाण झाली की काही दिवसांत त्याचा मृत्यू झाला. इतके कठोर मुलांना कशाला सांगायचे, असे काही पालक विचारतात. ज्या मुलाला हा इतिहास ठाऊक असतो, ते स्वतःच्या रंगात किंवा डब्यात खोट शोधत बसत नाही. आपल्या आधीही हे घडले आहे आणि लोकांनी त्याला तोंड दिले आहे, हे त्याला माहीत असते. आशियाई अमेरिकनांचा इतिहास शिकवण्याचा कायदा न्यू जर्सीने जानेवारी २०२२ मध्ये केला आहे, तेव्हा आपल्या शाळेत यातले काय शिकवले जाते हे पालकसभेत विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

मूल सांगते तेव्हा

पहिली दहा मिनिटे फक्त ऐकावे. 'तू आधी काय म्हणालास?' किंवा 'तो गमतीने म्हणाला असेल' ही वाक्ये त्या वेळी टाळावीत, कारण ती ऐकली की मूल बोलणे थांबवते आणि पुढच्या वेळी सांगायलाच येत नाही. शब्द कोणते होते, कुठे घडले, जवळ कोण होते, कोणी मोठे माणूस ऐकत होते का, आधीही असे झाले होते का, हे हळूहळू विचारावे. त्याला राग आला असेल तर राग येऊ द्यावा. आपल्यालाही संताप येतो, परंतु त्या मुलाच्या घरी तडक फोन करण्याचा मोह आवरावा. तसे फोन बहुतेक वेळा दोन कुटुंबांच्या भांडणात संपतात आणि मग शाळा त्याला दोन्ही बाजूंचा वाद म्हणून बाजूला ठेवते.

यानंतर मुलाला विचारावे की आता काय व्हावे असे त्याला वाटते. पुष्कळ मुलांना शिक्षा घडवण्यापेक्षा बसमधली जागा बदलून हवी असते, किंवा शिक्षकांनी ऐकून न ऐकल्यासारखे करू नये एवढेच हवे असते. तक्रार करायची की नाही याचा अंतिम निर्णय पालकांचा असला, तरी मुलाला न कळवता काही करू नये. उद्या त्याला मुख्याध्यापकांच्या कार्यालयात बोलावले जाणार असेल, तर ते आज रात्री घरीच कळलेले बरे.

अज्ञानातून आलेला प्रश्न आणि हिणवणे यांत फरक करायला मुलाला शिकवावे. 'तू कुठला?' असे कुतूहलाने विचारणाऱ्या वर्गमित्राला साधे उत्तर देता येते, आणि 'मी इथलाच, माझे आईबाबा पुण्याचे' हे पुरेसे असते. हिणवणाऱ्यासाठी मात्र एखादे छोटे, ठाम वाक्य आधीच घरी मोठ्याने म्हणून बघावे. ते इंग्रजीतच असावे, कारण ऐन वेळी मूल इंग्रजीतच बोलणार असते: 'असे म्हणू नकोस, हा वंशद्वेष आहे' एवढ्या अर्थाचे. ते बोलून तिथून निघावे आणि जवळच्या मोठ्या माणसाला सांगावे. हाताने उत्तर दिले तर चौकशीचा रोख आपल्याच मुलाकडे वळतो, हेही त्याला आधीच समजावून सांगावे.

त्याच रात्री सर्व लिहून काढावे: तारीख, वेळ, ठिकाण, जसेच्या तसे शब्द, साक्षीदार. शब्द कितीही घाणेरडे असले तरी सौम्य करू नयेत. संदेश किंवा चित्र फोनवर आले असेल तर पडद्याचे छायाचित्र घेऊन ठेवावे आणि ते गटात पुढे पाठवू नये. मूल नीट झोपत नसेल, शाळेला जायला घाबरत असेल किंवा स्वतःला इजा करण्याबद्दल बोलत असेल, तर तक्रारीची वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांशी बोलावे. मानसिक संकटासाठीच्या ९८८ या फोन क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मदत मिळते.

लेखी तक्रार

न्यू जर्सीच्या २०११ च्या छळविरोधी कायद्याला शाळांमध्ये सगळे 'एचआयबी' (हॅरॅसमेंट, इंटिमिडेशन अँड बुलिंग, म्हणजे छळ, धाकदपटशा आणि दादागिरी) म्हणतात. वंश, वर्ण, धर्म, पूर्वज किंवा मूळ देश यांवरून केलेले बोलणे, लिहिणे, हावभाव किंवा ऑनलाइन संदेश यांमुळे मुलाचा अपमान झाला आणि त्याच्या हक्कांत किंवा शाळेच्या कामकाजात ठळक अडथळा आला, तर ते या कायद्यात बसते. घटना एकदाच घडली असली तरी चालते. 'पुन्हा झाले तर बघू' असे शाळेने म्हटले, तर कायद्यात अशी अट नाही हे नम्रपणे दाखवून द्यावे. शाळेबाहेर किंवा सुट्टीच्या दिवशी घडलेली गोष्टही, तिचा शाळेतील वातावरणावर परिणाम होत असेल तर, विचारात घेतली जाते.

तक्रार फोनवर सांगून थांबू नये. मुख्याध्यापकांना ईमेल पाठवावा, स्पेशालिस्टला प्रत द्यावी, आणि विषयाच्या ओळीतच ही एचआयबीची लेखी तक्रार आहे असे लिहावे. शाळा जिल्ह्याच्या संकेतस्थळावर पालकांसाठी अर्जाचा नमुना असतो, तोही भरावा. ईमेलात घडलेले प्रसंग क्रमाने लिहावेत आणि आपली मते कमीत कमी ठेवावीत. 'तुमची शाळा वंशवादी आहे' या वाक्याने चर्चा शाळेच्या अब्रूकडे वळते आणि मुलाचा प्रश्न मागे पडतो. 'मंगळवारी बसमध्ये माझ्या मुलीला हे शब्द तीन वेळा ऐकवले गेले आणि चालकाने ते ऐकले' या वाक्यातून मात्र कोणालाही सहज सुटता येत नाही.

पुढच्या मुदती पाठ असाव्यात. मुख्याध्यापकांनी शाळेच्या एका दिवसात चौकशी सुरू करायची असते आणि लेखी तक्रारीपासून शाळेच्या दहा दिवसांत ती पूर्ण करायची असते. अहवाल शाळा जिल्ह्याच्या प्रमुखांकडे, म्हणजे सुपरिंटेंडंटकडे, आणि तेथून जिल्ह्याच्या शिक्षण मंडळाच्या पुढच्या बैठकीत जातो, व त्यानंतर पाच शालेय दिवसांत पालकांना लेखी माहिती मिळायला हवी. त्या माहितीत चौकशीत छळ आढळला की नाही आणि शिस्तीची कारवाई किंवा मदत झाली की नाही, एवढे असते. दुसऱ्या मुलाला नेमकी काय शिक्षा झाली हे शाळा सांगणार नाही, कारण त्याच्या नोंदी गोपनीय असतात. निष्कर्ष पटला नाही तर मंडळापुढे सुनावणी मागता येते, आणि मंडळाच्या निर्णयावर राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडे अपील करता येते. राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे १८० दिवसांच्या आत वेगळी तक्रारही करता येते; तशीच १८० दिवसांची मुदत केंद्रीय शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयासाठी आहे, जिथे १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणाचा आधार घेतला जातो. मारहाण किंवा धमकी झाली असेल तर मात्र शाळेची चौकशी संपण्याची वाट न पाहता पोलिसांकडे जावे. खासगी शाळांना एचआयबीची ही कार्यपद्धती बंधनकारक नाही, त्यामुळे तिथे शाळेचे स्वतःचे नियम आधी वाचावे लागतात.

व्हिसाची भीती

एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या अनेक घरांत तक्रारीचा विषय निघाला की बाबा म्हणतात, ग्रीन कार्डाची रांग चालू आहे, उगाच नाव कशाला पुढे आणायचे? ही भीती खरी आहे आणि तिची चेष्टा करू नये. मूल एकवीस वर्षांचे झाले की आईवडिलांच्या व्हिसावर अवलंबून असलेला त्याचा एच-फोर व्हिसा संपतो, ही टांगती तलवार असलेल्या घराला प्रत्येक कागद धोक्याचा वाटतो. तरीही हे निश्चित आहे की शाळेत छळाची तक्रार करण्यासाठी नागरिकत्व लागत नाही, वर उल्लेखलेल्या नागरी हक्क कायद्याचे संरक्षण सार्वजनिक शाळेतील प्रत्येक विद्यार्थ्याला आहे, आणि तक्रार केली म्हणून मुलावर सूड उगवणे हाच स्वतंत्र नियमभंग आहे. १९८२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार तर कागदपत्रे नसलेल्या मुलांनाही सार्वजनिक शाळेत शिकण्याचा हक्क आहे.

आपल्या घरातली भाषा

हा भाग अनेकांना आवडणार नाही, परंतु तो वगळून वरचे काही सांगण्यात अर्थ नाही. आपल्या जेवणाच्या टेबलावर कृष्णवर्णीय शेजाऱ्यांचा उल्लेख 'काळे' असा तुच्छतेने होत असेल, एखाद्या वस्तीला 'त्या लोकांची' म्हणून नाक मुरडले जात असेल, 'ऊन लागून काळी होशील' असे मुलीला सांगितले जात असेल किंवा पाहुण्यांचे आडनाव ऐकून त्यांची जात ताडली जात असेल, तर मूल तेही ऐकत असते. ज्या तर्काने त्याला बसमध्ये हिणवले गेले, तोच तर्क त्याला घरी ऐकू येतो. मग आपण केलेल्या तक्रारीवर त्याने विश्वास का ठेवावा?

१९६५ च्या ज्या कायद्याने मूळ देशावर आधारलेला अमेरिकेत प्रवेशाचा कोटा रद्द झाला आणि आपल्यासारख्यांना येथे येता आले, तो कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीने बदललेल्या वातावरणात संमत झाला. हे नाते आपल्या परंपरेलाही नवे नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामी संपवण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली, आणि १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीयांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य सांगितले. कोलंबिया विद्यापीठ एडिसनहून तास-दीड तासावर आहे. मुलाला एखाद्या रविवारी तिथे न्यावे आणि हे सगळे तिथेच सांगावे.

आपल्याच मुलाने दुसऱ्या कोणाला हिणवल्याचे पत्र शाळेकडून आले, तर तीच शिस्त पाळावी: आधी ऐकावे, लिहून काढावे, आणि 'आमचा मुलगा असा नाही' हे वाक्य न बोलता चौकशीला सहकार्य करावे.

निकालानंतर

निकालाचे पत्र आले की बहुतेक कुटुंबे सुटकेचा श्वास टाकतात आणि शाळेशी बोलणे थांबवतात. त्रास पुष्कळदा याच टप्प्यावर नव्या रूपात सुरू होतो: चुगलखोर म्हणणे, खेळात न घेणे, वाढदिवसाला न बोलावणे. म्हणून मुख्याध्यापकांकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात. बसमध्ये आणि भोजनगृहात लक्ष कोण ठेवणार, मुलाने काही झाल्यास नेमके कोणाकडे जायचे, आणि शाळेचे समुपदेशक मुलाला पुन्हा कधी भेटणार. महिन्याभराने पालकांनी स्वतःहून ईमेल करून स्थिती विचारावी. साक्ष देणाऱ्या वर्गमित्राच्या आईवडिलांना आवर्जून फोन करावा, कारण त्या मुलानेही आपल्या मित्रांची नाराजी पत्करलेली असते, आणि शनिवारी त्याला घरी जेवायला बोलवावे.

सर्व कागद एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावून ठेवावेत आणि मूल पुढच्या शाळेत जाईपर्यंत जपावेत. पुन्हा काही घडले, तर नव्या मुख्याध्यापकांना पहिल्याच भेटीत ही फाइल दाखवता येते.