अजिंठा-वेरूळची खासगी टूर: या चुका टाळा आणि गाइडचा घसा वाचवा

बसच्या टूरवाले पळतात ते मी समजू शकतो. त्यांची गाडी ठरल्या वेळेला सुटते, चाळीस माणसं मोजून आत बसवायची असतात. पण स्वतःची गाडी, सोबत स्वतःपुरता गाइड, हवं तिथे हवा तेवढा वेळ थांबायची मुभा, एवढ्यासाठी पैसे मोजायचे आणि मग बसवाल्यांपेक्षा जास्त पळायचं? संभाजीनगरात गाइडचं काम करताना हे इतक्यांदा पाहिलं आहे की आता फोनवर पहिल्या दोन वाक्यांतच कळतं, पाहुणे बघायला येतायत की यादी संपवायला.

एका दिवसात अजिंठा आणि वेरूळ

सगळ्या चुकांची आई हीच. फोन येतो, "दादा, सकाळी अजिंठा, दुपारी वेरूळ, जाता जाता दौलताबाद आणि संध्याकाळी बीबी का मकबरा. होईल ना?" नकाशावर होतं. जमिनीवर नाही.

हिशोब बघा. शहरापासून अजिंठा शंभर किलोमीटरच्या आसपास, फुलंब्री-सिल्लोड मार्गे. वेरूळ तीसेक किलोमीटर, पण दुसऱ्याच दिशेला. म्हणजे अजिंठ्याहून परत शहरापर्यंत यायचं आणि तिथून पुढे पुन्हा वेरूळला जायचं. अजिंठा सकाळी नऊला उघडतं. तुमची गाडी लेण्यांपर्यंत जात नाही, फर्दापूरच्या टी-पॉइंटला उभी करावी लागते. तिथून चार किलोमीटर आतल्या बसने, मग तिकीट, मग पायऱ्या. पहिल्या लेण्याच्या दारात उभं राहीपर्यंत सव्वादहा वाजले तरी लवकर म्हणायचं. तीस लेणी आहेत. सगळी बघू नका, पण नीट पाहण्यासारखी सात-आठ म्हटली तरी चार तास जातात.

मुंबईहून एक कुटुंब आलं होतं. तीन पिढ्या, मोठी गाडी, आणि एका जावयाच्या मोबाइलमध्ये मिनिटामिनिटाचं वेळापत्रक. मी फोनवर दोनदा सांगितलं की एकच काहीतरी धरा. "आमचं सगळं प्लॅन झालंय," असं उत्तर मिळालं. आजींची एकच मागणी होती, महापरिनिर्वाणाची मूर्ती बघायची. ती सव्विसाव्या लेण्यात, म्हणजे घोड्याच्या नालेसारख्या त्या वळणाच्या पार दुसऱ्या टोकाला. पहिलं, दुसरं, सोळावं आणि सतरावं लेणं झालं आणि जावईबापूंनी घड्याळ दाखवलं. "पुढे सगळं सारखंच असेल ना?" सव्विसावं राहिलं. सिल्लोडला ट्रॅफिक लागलं, जेवण गाडीतच झालं, मुलांना उलट्या झाल्या. वेरूळला पोहोचलो तेव्हा तिकीट खिडकी बंद व्हायच्या बेतात होती. वेरूळचं कैलास मंदिर अर्ध्या तासात उरकलं, त्यातला निम्मा वेळ हत्तीजवळच्या ग्रुप फोटोत गेला. बाहेर आल्यावर आजींनी मला विचारलं, "अरे, तो आडवा पहुडलेला बुद्ध इथे कुठे आहे?" काय सांगणार होतो? तो शंभरावर किलोमीटर मागे राहिला होता. सात मीटर लांबीची मूर्ती, आणि ज्यांना ती बघायची होती त्याच बघू शकल्या नाहीत.

माझी सवय सरळ आहे: एक दिवस, एक जागा. वेरूळच्या दिवशी दौलताबाद किंवा घृष्णेश्वर जोडता येतं, कारण ते एकाच बाजूला आहेत. दौलताबादचा किल्ला वरपर्यंत चढणार असाल तर तोही "जाता जाता" होत नाही. अंधारी (किल्ल्यातली काळोखी भुयारी वाट), खंदक, पायऱ्या मिळून अडीच-तीन तास धरा, आणि गुडघे दुखत असतील तर खालूनच चांद मिनार बघून समाधान माना. अजिंठ्याच्या दिवशी मात्र अजिंठाच. दोन्ही बघायचंच असेल तर दोन दिवस काढा. मुंबईकडून रेल्वेने येणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, रात्रीच्या गाडीने जळगावला उतरा. तिथून अजिंठा साठेक किलोमीटर. ते बघून संध्याकाळी संभाजीनगरला मुक्कामाला या आणि दुसऱ्या दिवशी वेरूळ करा. उलटसुलट फेरा वाचतो. समृद्धी महामार्ग झाल्यापासून "पहाटे निघू, रात्री घरी" असं म्हणणारे वाढलेत. रस्ता जलद झाला म्हणून लेणी जलद बघून होत नाहीत.

वार न बघता येणं

अजिंठा सोमवारी बंद. वेरूळ मंगळवारी बंद. एवढं एक वाक्य लोकांना पाठ होत नाही. हॉटेल बुक होतं, गाडी बुक होते, आणि फर्दापूरला पोहोचल्यावर पार्किंग रिकामं का म्हणून आश्चर्य वाटतं.

याची दुसरी बाजू फार कमी लोक लक्षात घेतात. सोमवारी अजिंठा बंद असल्यामुळे त्या दिवशीची सगळी गर्दी वेरूळला लोटते. मंगळवारी उलट. श्रावणातला सोमवार असेल तर घृष्णेश्वराच्या रांगा गावाबाहेर येतात आणि गाडी पुढे सरकत नाही. दर्शन हाच हेतू असेल तर अवश्य या, पण मग लेण्यांची अपेक्षा ठेवू नका. मला विचाराल तर बुधवार ते शुक्रवार. नोकरदारांना जमत नाही हे माहीत आहे, म्हणून शनिवारी येणाऱ्यांना मी वेरूळला सूर्योदयाला गाठायला लावतो. ते लेणं पहाटे उघडतं आणि नाश्त्याच्या आधीचे दोन तास कैलास जवळजवळ तुमचंच असतं. "सुट्टीत कोण एवढ्या लवकर उठणार" म्हणणाऱ्यांना अकरा वाजता शाळांच्या सहली भेटतात.

अंधारात शिरून लगेच "काही दिसत नाही" म्हणणं

हा माझा खरा सल.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात लोक भर उन्हातून येतात, मोबाइल वर करतात, स्क्रीनवर काळपट भिंत दिसते, आणि दीड मिनिटात बाहेर. "इंटरनेटवर किती छान दिसतं, इथे तर काहीच नाही." अहो, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला काही मिनिटं लागतात. त्या मंद प्रकाशात उभं राहिलं की हळूहळू भिंत उघडते. आधी रंगांचे ठिपके, मग एक हात, मग चेहरा. गर्भगृहाकडे तोंड केलं की डावीकडे पद्मपाणी, उजवीकडे वज्रपाणी, हे दोन बोधिसत्त्व. दोघांनाही घाईत बघता येत नाही.

मी काय करतो ते सांगतो. आत गेल्यावर पाहुण्यांना मधोमध थांबवतो आणि पाच मिनिटं काहीच दाखवत नाही. फक्त बोलतो. ही चित्रं ओल्या गिलाव्यावर काढलेली नाहीत. माती, भुसा वगैरे कालवून केलेला थर, वर चुन्याचा पातळ हात, आणि ते सुकल्यावर रंग. म्हणून ती इतकी नाजूक आहेत, म्हणून फ्लॅश बंद, म्हणून एका वेळी मोजकीच माणसं आत. निळा रंग लाजवर्द दगडाचा, तो अफगाणिस्तानाकडून यायचा. काही ठिकाणी जो पिवळट चकचकीतपणा दिसतो तो मूळचा नव्हे. निजामाच्या काळात, 1920 नंतर, इटालियन तज्ज्ञांनी चित्रं वाचवण्यासाठी लाखेचा थर दिला आणि पुढे तोच पिवळा पडला. हे सांगून होईपर्यंत डोळे तयार झालेले असतात. मग मी डाव्या भिंतीकडे वळतो, महाजनक जातकाकडे, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माच्या एका कथेकडे, आणि लोक आपण होऊन म्हणतात, "अरे, ही तर पूर्ण गोष्ट आहे!"

फोटो काढूच नका असं मी म्हणत नाही. आधी बघा, मग काढा. आणि मोबाइलचा टॉर्च चित्रावर मारणाऱ्याला मी अडवतो, पाहुणा माझा असो वा दुसऱ्याचा.

याच कारणासाठी मी गर्दीच्या दिवशी उलटा जातो. सगळे एक नंबरला रांग लावतात तेव्हा मी सरळ चालत सव्विसाव्यापर्यंत जातो आणि तिथून मागे येतो. आजींचा किस्सा घडल्यापासून तर हा नियमच केला आहे. दुपारी पहिल्या लेण्यात पोहोचतो तेव्हा निम्मी गर्दी टी-पॉइंटला जेवत असते. वाटेत चोवीस नंबरला थांबवतो. ते अर्धवट राहिलेलं लेणं आहे, म्हणून कंटाळवाणं समजून लोक पुढे जातात. मला ते फार कामाचं वाटतं. छतापासून खाली कसं खणत आले, छिन्नीचे घाव कसे पडले, कुठे दगड नुसताच मोकळा करून ठेवला, सगळं उघडं दिसतं. "हे परग्रहवासीयांनी बांधलं" असा व्हिडिओ बघून आलेला एखादा तरुण दर आठवड्याला भेटतोच. त्याला मी वाद न घालता तिथे उभा करतो.

वेरूळच्या कैलासाबाबतही तेच. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, आठव्या शतकातलं, वरून खाली कोरत आणलेलं मंदिर. लोक दारातून शिरतात, आत फिरतात, बाहेर पडतात. मी आधी बाजूच्या टेकडीवरून वरून दाखवतो, कठड्याच्या आत राहून. पावसाळ्यात ती वाट निसरडी असते, तेव्हा टाळतो. वरून एकदा पाहिलं की "कसं केलं असेल" हा प्रश्न पाहुणे स्वतःच विचारतात. राष्ट्रकूटांच्या वडोद्याच्या ताम्रपटातही असंच आश्चर्य नोंदलेलं आहे: हे मी कसं घडवलं, असं खुद्द घडवणाऱ्यालाच वाटलं म्हणे. आणखी एक, वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. दुपारनंतर ऊन आत येतं. दहाव्या लेण्यातला बुद्ध तेव्हा बघा, सकाळी नको.

बाकीच्या, भराभर

गाडीत सगळं सामान ठेवून आतल्या बसमध्ये चढणं. टोपी, पाणी, आजोबांची गोळी, सगळं टी-पॉइंटला, आणि तुम्ही चार किलोमीटर पुढे. उतरण्याआधी एक पिशवी भरा.

लेसचे भारी बूट. चित्रांच्या लेण्यांत पादत्राणं बाहेर काढावी लागतात, तीही पुन्हा पुन्हा. सुटसुटीत चप्पल घाला आणि उन्हाळ्यात खिशात मोजे ठेवा, कारण दुपारी तो दगड पाय भाजतो.

ड्रायव्हरलाच गाइड समजणं. आमचे ड्रायव्हर रस्त्याचे राजे आहेत, पण ते पार्किंगमध्ये थांबतात. गाइडच्या गळ्यात पर्यटन खात्याचं ओळखपत्र आहे का बघा. नसेल तर विचारा. विचारल्याचा राग आला तर दुसरा बघा.

गाइडला गप्प करणं, किंवा त्याच्याकडून नुसत्या राजांच्या सनावळ्या ऐकत राहणं. दोन्ही वाया. प्रश्न विचारा. मुलांना विचारू द्या, त्यांचे जास्त चांगले असतात.

मे महिना. येऊ नका. जुलै ते सप्टेंबर या, वाघूर नदीचा सातकुंडाचा धबधबा चालू असतो आणि डोंगर हिरवे असतात. नाहीतर थंडीत.

माकडांसमोर बिस्किटं. यावर वेगळं काय सांगायचं.

भिंतीवर नाव. 1819 मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात स्वतःचं नाव कोरलं, ते आजही दिसतं, आणि लोक त्याला हसून बाजूला स्वतःचं कोरायला जातात. आता हा गुन्हा आहे, आणि मी फोन करायला मागेपुढे बघत नाही.

तिकिटाबाबत कुरकुर. भारतीयांना 40 रुपये, परदेशी पाहुण्यांना 600, पंधरा वर्षांखालच्यांना काहीच नाही. सोबत परदेशी जावई असेल तर त्याला आधी सांगून ठेवा, खिडकीवर भांडण नको.

दुकानाचा थांबा

परतताना गाडी एखाद्या पैठणी-हिमरूच्या (हिमरू म्हणजे इथलं विणलेलं नक्षीदार कापड) किंवा दगडांच्या दुकानापुढे "पाच मिनिटं" थांबते. बहुतेक वेळा तिथे कोणाचं तरी कमिशन असतं. आमच्या धंद्यातलं हे उघड गुपित आहे आणि काही सहकाऱ्यांना मी हे लिहिलेलं आवडणार नाही. पैठणी घ्यायची असेल तर जरूर घ्या, विणकराचा माग बघून घ्या, पण तो वेळ तुमच्या लेण्यातून कापला जातोय हे लक्षात असू द्या. म्हणून गाडी ठरवतानाच सांगा: दुकानाचा थांबा आम्ही म्हटलं तरच. टोल, पार्किंग, ड्रायव्हर भत्ता पकडून की सोडून, हेही त्याच फोनवर, आणि शक्यतो मेसेजवर लिहून घ्या. संध्याकाळी सात वाजता हॉटेलच्या दारात हिशोबावरून आवाज चढलेले मी पुष्कळ ऐकलेत, आणि दरवेळी दोन्ही बाजू शपथेवर सांगतात की आपलं असंच ठरलं होतं.