हाताला कळणारे विमान आणि पडद्यावर वाचायचे विमान

गणपतीत वडगावला घरी आलो की बेळगाव, खानापूर, निपाणीकडची दोन-चार मुले आपल्या पालकांसह भेटायला येतात आणि वैमानिक कसे व्हावे हे विचारून झाले की त्यांच्यातला एखादा हमखास म्हणतो, "काका, बोइंग चांगले की एअरबस? नवे चांगले की जुने?" या प्रश्नाला ओट्यावर बसून देता येईल असे सरळ उत्तर नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

मी कोष्ट्याच्या घरात वाढलो. वडिलांनी आधी हातमाग चालवला आणि मग यंत्रमाग घेतले. हातमागावर धोट्याची ओढ त्यांच्या मनगटाला कळत असे. यंत्रमाग आल्यावर पहिले वर्षभर ते कापडाकडे टक लावून बसत, कारण हाताला काहीच कळेनासे झाले होते. बोइंग ७३७-८०० वर चार वर्षे को-पायलट म्हणून काम केल्यावर मी एअरबस ए३२० वर आलो, तेव्हा माझी अवस्था नेमकी तशीच झाली होती.

७३७ चे पहिले उड्डाण १९६७ चे. त्यानंतर पंख, इंजिन, पडदे असे बरेच काही बदलले, तरी वैमानिक आणि विमान यांच्यातील नाते मूळचेच राहिले. दोन्ही वैमानिकांसमोरचे योक, म्हणजे विमान वळवायचे आणि वर-खाली करायचे दांडे, एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे शेजारच्याने ते ओढले की आपल्या गुडघ्यांपुढचेही हलते. इंजिनांचा जोर आपोआप सांभाळणारी ऑटोथ्रॉटल यंत्रणा चालू असताना जोर कमी-जास्त करायचे थ्रस्ट लिव्हर स्वतः पुढे-मागे सरकतात. ट्रिमची, म्हणजे दांडा सतत ओढून न धरता विमानाचे नाक हव्या कोनात स्थिर ठेवणारी, दोन मोठी चाके खडखड आवाज करत फिरतात. सुरुवातीला तो आवाज त्रासदायक वाटतो, पण महिनाभरात त्याचीच सवय होते आणि चाक नको तेव्हा फिरले तर न पाहता मान वळते.

ए३२० १९८७ साली प्रथम उडाले आणि त्यात हे सारे बदलले. योकच्या जागी बाजूला छोटी साइडस्टिक आली, जी आपण हलवली तरी शेजाऱ्याची हलत नाही. दोघांनी एकाच वेळी हलवली तर विमान 'ड्युअल इनपुट' असे बोलून सावध करते. ऑटोथ्रस्टवर (एअरबसचे ऑटोथ्रॉटल) इंजिनांचा जोर कमी-जास्त होत असताना लिव्हर एकाच खाचेत स्थिर असतात. हाताने उडवतानाही ट्रिम आपोआप होते. काही बिघडले तर ईकॅम नावाचा पडदा बिघाड आणि त्यावर करायची कामे क्रमाने दाखवतो, ही सोय ७३७ मध्ये नाही. दमलेल्या रात्री मला एअरबसच हवे असते, हे कबूल करतो.

परंतु या सोयीची एक किंमत आहे. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून आलेले इंडियन एअरलाइन्सचे ए३२० बंगळुरूला धावपट्टीच्या अलीकडे कोसळले आणि १४६ जणांपैकी ९२ जण मृत्युमुखी पडले. विमान अगदी नवे होते. ते उतरताना स्वयंचलित यंत्रणेच्या ज्या मोडमध्ये (कार्यपद्धतीत) होते त्यात इंजिने किमान जोरावरच राहतात; वेग घटत गेला आणि ते ध्यानात येईपर्यंत फार उशीर झाला होता. लिव्हर न हलण्याचा त्यात किती वाटा होता यावर वैमानिक अजूनही वाद घालतात. माझे मत असे की ज्या विमानात हाताला कळत नाही, तेथे पडद्याच्या माथ्यावरची मोडची अक्षरे प्रत्येक बदलाला मोठ्याने वाचण्याची शिस्त अंगी बाणवावी लागते, आणि ती सिम्युलेटरमध्ये नव्हे तर त्याच्या कितीतरी आधी लागायला हवी.

नव्या-जुन्याचा फरक एकाच जातीच्या विमानातही पडतो. जुने ए३२० आणि २०१६ पासून प्रवासी सेवेत असलेले ए३२० निओ एकाच टाइप रेटिंगवर (त्या जातीचे विमान उडवण्याच्या परवानगीवर) चालवता येतात आणि कॉकपिटही जवळपास सारखेच दिसते. इंजिन मात्र वेगळे. जुन्या सीएफएम ५६ चा पंखा ६८ इंच व्यासाचा, तर निओवरच्या लीपचा ७८ आणि प्रॅट अँड व्हिटनीचा ८१ इंचांचा. इंधनात सुमारे १५ टक्के बचत होते ती मुख्यतः यामुळेच. या नव्या इंजिनांत बंद केल्यावर वरचा भाग गरम आणि खालचा थंड राहिल्याने आतील दांडा किंचित वाकतो, म्हणून पुन्हा सुरू करताना त्याला इंधनाविना काही काळ फिरवून थंड करून घ्यावे लागते. जुन्या इंजिनांवर तयार झालेल्या माझ्या हातांना ते थांबणे पहिले काही महिने बिघाडासारखेच वाटत असे. जमिनीलगत निओ थोडे तरंगते, असाही माझा अनुभव आहे.

नव्याचे नाव आणि जुन्याचा सांगाडा यांची जोडी कशी महागात पडते, हे ७३७ मॅक्सने दाखवले. मोठी इंजिने बसवल्यावर विमानाचा स्वभाव जुन्यासारखा राहावा म्हणून घातलेली, नाक आपोआप खाली दाबणारी एमकॅस ही यंत्रणा एकाच संवेदकावर विसंबून होती आणि वैमानिकांच्या पुस्तिकेत तिचा उल्लेखही नव्हता. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मधील दोन अपघातांत ३४६ माणसे गेली. तेव्हापासून 'फरक फारसा नाही' असे प्रशिक्षणात कोणी म्हणाले की मी तो फरक लिहून मागतो.

आता मुलांविषयी. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवे. मराठी माध्यमाने अडत नाही, मात्र इंग्रजी संभाषणात वैमानिकांसाठीच्या सहा पातळ्यांपैकी किमान चौथी लागते. पैसे भरण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) लेखी परीक्षेत ७० टक्के गुण लागतात आणि व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण. मी जेथे शिकलो तेथे उडणारी विमाने दोन आणि विद्यार्थी चाळीसच्या आसपास होते, त्यामुळे माझे २०० तास पूर्ण व्हायला तीन वर्षे लागली. तेव्हा संस्थेत हँगरमध्ये उभी असलेली विमाने न मोजता त्या आठवड्यात प्रत्यक्ष उडालेली मोजावीत. शक्य असल्यास पहिले पन्नास तास गोल घड्याळांच्या, म्हणजे काट्यांच्या तबकड्यांच्या, जुन्या सेस्ना १७२ या छोट्या विमानावर करावेत आणि काचेच्या पडद्याचे विमान नंतर घ्यावे. सांबरा, म्हणजे बेळगावचा विमानतळ, समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर आहे, तेथे हवा विरळ, म्हणजे घड्याळात नेहमीचाच वेग दिसत असला तरी जमीन खालून अधिक भरभर सरकते. हे पडद्यावरच्या आकड्यावरून कळतेच, पण ज्याने आधी खिडकीबाहेर पाहून उतरायला शिकले आहे त्याला तो आकडा वाचण्यापूर्वीच जाणवते.