घरचे चार्जिंग अडले, दोष अर्थिंगमध्ये निघाला

घरच्या १५ अँपिअर सॉकेटवर आमच्या इलेक्ट्रिक मोटारीचे चार्जिंग सुरू होताच बंद पडू लागले. जलद डीसी चार्जरवर ती व्यवस्थित चार्ज होई. परंतु ती वीज गाडीतील ऑनबोर्ड चार्जरला (एसी विजेचे बॅटरीसाठी डीसीत रूपांतर करणाऱ्या भागाला) वगळून थेट बॅटरीकडे जात असल्याने त्यावरून ऑनबोर्ड चार्जर निर्दोष ठरत नाही, म्हणून सार्वजनिक एसी चार्जरही वापरून पाहिला. तेथे अडचण आली नाही, तेव्हा संशय घरच्या केबलवर व वायरिंगवर आला. इलेक्ट्रिशियनने मल्टिमीटर लावला असता फेज-न्यूट्रल २३० व्होल्ट ठीक होते. मात्र न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात, जेथे एक-दोन व्होल्टच अपेक्षित असतात, तेथे ४० व्होल्ट दिसले, म्हणजे अर्थिंग सदोष होते आणि म्हणूनच सुरक्षेसाठी चार्जिंग आपोआप थांबत होते. अर्थिंगच्या खड्ड्यातील गंजलेला जोड बदलल्यावर (नुसते पाणी ओतणे हा तात्पुरताच उपाय) चार्जिंग पूर्ववत झाले.