थेरपिस्ट निवडताना या चुका टाळा

“थेरपी करून पाहिली, काही उपयोग झाला नाही,” असं कुणी म्हणालं की मी आधी विचारते, कुणाकडे गेला होतात आणि कशासाठी? बहुतेक वेळा गोची तिथेच सापडते.

पहिला घोळ पदव्यांचा. सायकियाट्रिस्ट हा वैद्यकीय डॉक्टर असतो, निदान करून औषधं लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या आणि थेरपी करतो. औषधं सहसा त्याच्या कक्षेत येत नाहीत. ‘काउन्सेलर’ ही पाटी मात्र अनेक ठिकाणी कुणीही लावू शकतं. म्हणून शिक्षण काय, शिकताना काम कुणाच्या देखरेखीखाली केलं, हे बेधडक विचारा. चांगल्या माणसाला याचा राग येत नाही. आणि जीव नकोसा झाला असेल, तर मनाजोगता थेरपिस्ट शोधत बसू नका; आधी डॉक्टर किंवा तातडीची मदत गाठा.

मैत्रिणीला ज्याचा गुण आला त्याच्याकडेच जाणं, ही दुसरी चूक. तिचं दुःख घटस्फोटाचं, तुमचा त्रास पुन्हापुन्हा हात धुण्याचा. असा त्रास बहुधा ओसीडीचा, म्हणजे नको ते विचार छळतात आणि त्यापायी तीच कृती पुन्हापुन्हा करावीशी वाटते. ओसीडीवर ‘एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन’ ही पद्धत वापरतात: ज्याची भीती वाटते त्याला हळूहळू सामोरं जायचं आणि ऊर्मी आली तरी हात धुवायचे नाहीत. हे न शिकलेला थेरपिस्ट दर आठवड्याला मायेने “काही होणार नाही हो” म्हणत राहील, आणि ओसीडीला असा धीर म्हणजे खतपाणीच. त्यामुळे पहिल्या फोनवरच विचारा: “अशा तक्रारीवर तुम्ही नेमकं काय करता?” “मी सगळ्यावरच काम करते,” या उत्तरावर भागवू नका.

पण माझा खरा रोख आहे तो न पटल्यावर गुपचूप गायब होण्यावर. मी स्वतः हे केलंय. माझी पहिली थेरपिस्ट दर वेळी वहीत लिहायला गृहपाठ द्यायची. मला शाळेत बसल्यासारखं वाटायचं. मी तो न करताच जायचे, वर खोटं बोलायचे. पाचव्या सेशननंतर तिचे फोन घेणंच बंद केलं. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये थेरपीतल्या नात्याचे तीन पदर मांडले: कुठे पोचायचं यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि दोघांमधला जिव्हाळा. आमच्यात जिव्हाळा होता, बिनसलं होतं ते मधल्या पदरात, काय करायचं यावर. “लिहिणं मला जमत नाही, दुसरं काही करता येईल का?” एवढं म्हटलं असतं तर निदान तिचं उत्तर कळलं असतं.

त्या उत्तरावरच पुढचं ठरवायचं असतं. थेरपिस्ट ऐकून पद्धत बदलते, किंवा का बदलत नाही ते समजावते, तर टिकून राहा, सेशननंतर जड वाटलं तरी. जुनं दुखणं उकरल्यावर जड वाटणारच. उलट सगळं खापर तुमच्याच माथी फुटलं, तर दुसरीकडे बघा. लैंगिक सलगी किंवा दुसऱ्या क्लायंटची गुपितं नावानिशी सांगणं, असलं काही घडलं तर मात्र चर्चा नको, सरळ उठायचं.

एरवी सोडायचं ठरलं तरी एक शेवटचं सेशन घ्या आणि विचारा, “माझ्यासाठी कोण योग्य ठरेल?” दुसऱ्या थेरपिस्टकडून निघताना मी हे विचारलं. माझी आताची थेरपिस्ट त्यांनीच सुचवलेली.